एकच पोट, सहा निदाने

आपल्या आजोबांच्या पिढीला मुलाच्या आजारपणात एकच विवंचना असे, ती म्हणजे डॉक्टर मिळेल का? डॉ. विल्यम वॉन्लेस यांनी १८९४ साली मिरजेत रुग्णालय सुरू केले आणि पुढे या भागात ‘मिरजेला नेले’ एवढे म्हटले, की दुखण्याचे गांभीर्य ऐकणाऱ्यास कळत असे. आज पन्हाळा तालुक्यातील कोडोलीसारख्या गावात खासगी दवाखाने आहेत, मिशनचे जुने रुग्णालय आहे, आयुर्वेद महाविद्यालय आहे. तासाभरात कोल्हापूरचे सी.पी.आर. रुग्णालय आणि बहुतेक सर्व विषयांचे तज्ज्ञ गाठता येतात. विवंचना मात्र राहिलीच. सहा डॉक्टरांनी सहा गोष्टी सांगितल्या, तर आई-वडिलांनी काय करावे?

कोडोलीतील एका किराणा-भुसार व्यापाऱ्यांनी गेल्या वर्षी अशीच एक फाईल माझ्यापुढे ठेवली. मी डॉक्टर नव्हे. बँकेत कर्जप्रकरणे तपासण्यात आयुष्य गेले, कागद वाचण्याची सवय आहे, एवढ्याच भरवशावर ते आले होते. मुलगा नऊ वर्षांचा, चौथीत शिकणारा. गणेशोत्सवापासून त्याच्या बेंबीभोवती दुखत होते. आठवड्यातून दोन-तीनदा, बहुधा सकाळी, अर्धा-पाऊण तास दुखे आणि थांबे. शाळा बुडू लागली होती. वडील म्हणाले, “साहेब, उद्यापासून टीबीच्या गोळ्या चालू करायला सांगितल्यात. सहा महिने. आमच्या आई म्हणतात चालू करा, हिच्या माहेरचे म्हणतात थांबा. दुकानात बसतोय, पण गल्ल्यावर लक्ष नाही.”

फाईलमध्ये सहा चिठ्ठ्या होत्या. पहिलीत जंत, दुसरीत टायफॉईड, तिसरीत अग्निमांद्य व कृमी, चौथीत अपेंडिक्सची शंका व शस्त्रक्रियेचा सल्ला, पाचवीत पोटातील गाठी व क्षयाची शक्यता. सहावी एका ज्येष्ठ बालरोगतज्ज्ञांची होती. तिच्यावर औषधाचे नावच नव्हते. घरच्यांनी ती सर्वांत खाली ठेवली होती. फी घेतली आणि औषध दिले नाही, अशी त्या चिठ्ठीबद्दल घरात नाराजी होती.

डॉक्टरांची नावे येथे देण्याचे कारण नाही. त्यांपैकी कोणी अडाणी होता असे मला वाटत नाही. बँकेत एकाच गाळ्याचे दोन मूल्यांकन अहवाल येत आणि दोहोंतील आकडे वेगळे असत. एकाने चालू बाजारभाव काढलेला असे, दुसऱ्याने जप्तीच्या लिलावात काय येईल ते. आकडा खरा की खोटा हे ठरवण्याआधी तो कोणत्या प्रश्नाचे उत्तर आहे, हे पाहावे लागे. या सहा चिठ्ठ्यांचे तसेच होते. प्रत्येक डॉक्टरांनी मुलाला वेगळ्या दिवशी पाहिले होते आणि प्रत्येकापुढे वेगळा कागद होता.

जंतांचे फार सांगायला नको. २०१५ पासून राष्ट्रीय जंतनाशक दिन पाळला जातो आणि शाळा-अंगणवाड्यांतून अल्बेंडाझोलची गोळी दिली जाते. या मुलाने ती शाळेत घेतली होती, दवाखान्यातूनही घेतली, तरी दुखणे तसेच होते. टायफॉईडचे निदान विडाल चाचणीवर झाले होते. ही चाचणी फ्रान्समधील डॉ. विडाल यांच्या नावाने १८९६ पासून ओळखली जाते. ती रक्तातील जंतू दाखवत नाही, जंतूंविरुद्ध शरीराने तयार केलेली प्रतिद्रव्ये दाखवते. टायफॉईड जेथे नेहमी आढळतो अशा प्रदेशात जुन्या संसर्गामुळे, कधी दुसऱ्याच तापामुळेही ती सकारात्मक येऊ शकते. म्हणून एकट्या विडालवर विसंबू नये, रक्ताचे कल्चर अधिक विश्वासार्ह, असे जाणकार सांगतात. मुलाला तर सलग तापही आला नव्हता.

घर हादरले होते ते ‘गाठी’ या शब्दाने. मराठीत धाग्याची गाठ, मानेची गाठ, कर्करोगाची गाठ, सगळ्यांना एकच शब्द! सोनोग्राफीच्या अहवालात ‘मेसेंटेरिक लिम्फ नोड्स’ असे होते, म्हणजे आतड्याला धरून ठेवणाऱ्या पडद्यातील लसीकाग्रंथी. या ग्रंथी प्रत्येकाच्या पोटात जन्मापासून असतात. लहान मुलांत साध्या सर्दी-जुलाबानंतरही त्या काही आठवडे मोठ्या दिसतात. २००५ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, मूतखड्यासाठी सीटी स्कॅन केलेल्या मुलांच्या पोटातील ग्रंथी मोजल्या होत्या. निम्म्याहून अधिक मुलांत ५ मिलिमीटर वा त्याहून मोठ्या ग्रंथी आढळल्या. आखूड बाजूने ८ मिलिमीटरच्या पुढे गेल्यासच ग्रंथी वाढली असे म्हणावे, असे त्या संशोधकांनी सुचवले. आपल्या फाईलमधील सर्वांत मोठी ग्रंथी ७ मिलिमीटरची होती.

तरीही पाचव्या डॉक्टरांची शंका हसण्यावारी नेण्यासारखी नव्हती. पोटाचा क्षय आपल्या देशात खरोखर आढळतो आणि त्याकडे दुर्लक्ष झाल्यास मूल खंगत जाते. मात्र अशा मुलाचे वजन घटते, बारीक ताप राहतो, भूक मरते. घरात किंवा शेजारी कोणाला क्षय होता का, हेही पाहावे लागते.

येथे सहावी चिठ्ठी उपयोगी पडली. वजन केवळ तिच्यावरच लिहिलेले होते. जूनमध्ये शाळेच्या नोंदीप्रमाणे २४.५ किलो, नोव्हेंबरमध्ये २६. खाली चार ओळी होत्या. दुखण्याने रात्री झोपेतून उठत नाही. जागा दाखवताना पूर्ण तळहात बेंबीवर ठेवतो. शौचास तीन दिवसांनी, कठीण. शाळेतील स्वच्छतागृह वापरत नाही. सल्ला असा : सकाळच्या न्याहारीनंतर दहा मिनिटे शौचास बसवणे, पाणी वाढवणे, दूध दोन आठवडे थांबवून पाहणे, पुन्हा दाखवणे. पुन्हा दाखवायला कोणी गेलेच नव्हते.

मी एवढेच सुचवले, की गोळ्या सुरू करण्यापूर्वी संपूर्ण फाईल घेऊन याच डॉक्टरांकडे जावे आणि क्षयाविषयी स्पष्ट विचारावे. ते गेले. डॉक्टरांनी पाचव्या डॉक्टरांना समोरच फोन लावला. मॅंटू चाचणी आणि छातीचा एक्स-रे झाला, दोन्हींत काही निघाले नाही. सहा आठवडे थांबून वजन आणि सोनोग्राफी पुन्हा पाहावी, यावर दोघांचे एकमत झाले. दहा मिनिटांच्या त्या संभाषणाने जे साधले, ते सहा चिठ्ठ्यांनी साधले नव्हते. सहा आठवड्यांनी वजन आणखी थोडे वाढलेले होते आणि ग्रंथी लहान झालेल्या होत्या. (क्षयाचे औषध एकदा सुरू झाले असेल, तर ते स्वतःच्या मनाने कदापि बंद करू नये. अर्धवट उपचारातून औषधांना न जुमानणारा क्षय निर्माण होतो. ही औषधे सरकारी केंद्रांत मोफत मिळतात.)

दूध थांबवण्याच्या सल्ल्यावर आजींनी मोठी हरकत घेतली होती. वारणेच्या खोऱ्यात राहून मुलाला दूध नाही म्हणायचे म्हणजे काय! परंतु दुधातील साखर पचवणारे विकर वयाबरोबर अनेकांत कमी होते आणि मग पेलाभर दुधाने पोट फुगते, दुखते. दोन आठवडे थांबवले, की फरक पडतो का ते घरीच कळते. या मुलाला फारसा फरक पडला नाही, दूध पुन्हा सुरू झाले. फरक पडला तो शौचाच्या सवयीने आणि नंतर काही आठवडे दिलेल्या, मळ मऊ करणाऱ्या औषधाने. दुखणे पुरते गेले असे नाही. चाचणी परीक्षेच्या सकाळी अजून कधी कधी पोट धरतो. पण शाळेत जातो.

मुलांच्या अशा पोटदुखीचा पहिला मोठा हिशेब इंग्लंडमधील ब्रिस्टलचे डॉ. जॉन ॲपली यांनी मांडला. त्यांनी आणि डॉ. नोरा नेश यांनी १,००० शाळकरी मुलांची पाहणी करून १९५८ साली निष्कर्ष प्रसिद्ध केले. तीन महिन्यांत निदान तीनदा, रोजच्या व्यवहारात अडथळा येईल इतके पोट दुखणारी मुले शंभरात जवळजवळ अकरा निघाली. त्यांतील बहुसंख्यांत कोणताही शारीरिक दोष सापडत नाही. दुखणे बेंबीपासून जितके दूर, तितकी खऱ्या रोगाची शक्यता अधिक, असा त्यांचा आडाखा आजही बालरोगतज्ज्ञ वापरतात. आडाखाच तो, कायदा नव्हे.

दोष सापडत नाही म्हणजे मूल नाटक करते, असा अर्थ घरोघरी काढला जातो. तो चुकीचा आहे. आतड्यांच्या मज्जातंतू आणि मेंदू यांच्यात सतत निरोप जात असतात. काही मुलांत हे जाळे अतिसंवेदनशील होते आणि साधा वायूदेखील कळ म्हणून जाणवतो. बँकेच्या तिजोरीची घंटा कधी उंदराच्या धक्क्यानेही वाजते. चोर नसतो, घंटा मात्र खरीच वाजलेली असते.

आणि ही घंटा आपणच वाजती ठेवतो. अमेरिकेतील व्हँडरबिल्ट विद्यापीठाच्या लिन वॉकर यांनी २००६ साली प्रसिद्ध केलेला प्रयोग एकत्र कुटुंबांनी जरूर लक्षात घ्यावा. मुलांना पोट तुडुंब होईपर्यंत पाणी पाजले. काही पालकांना सांगितले, की मुलाच्या दुखण्याची विचारपूस करा, सहानुभूती दाखवा. काहींना सांगितले, की दुसऱ्या विषयावर बोला. विचारपूस झालेल्या मुलांच्या तक्रारी जवळजवळ दुप्पट झाल्या. विषय बदललेल्यांच्या घटल्या. नेहमी पोट दुखणाऱ्या मुलांच्या पालकांना विषय बदलणेच अधिक अपायकारक वाटत होते, मुलांना मात्र त्यानेच बरे वाटले. आपल्याकडे सकाळी आजी विचारते, “दुखतंय का रे?” मग काकू, मग दुकानातून फोन करून वडील. शाळेला निघेपर्यंत मुलाला पाच वेळा पोटाची आठवण करून दिलेली असते.

एवढे वाचून कोणी निर्धास्त मात्र होऊ नये. दुखणे बेंबीपासून सुरू होऊन उजव्या बाजूला खाली सरकले, चालताना वा उडी मारताना वाढले, सोबत ताप व उलट्या असल्या तर ते अपेंडिक्स असू शकते. मग त्याच दिवशी, रात्र असली तरी, सर्जन गाठावा. हिरवी उलटी, शौचातून रक्त, दुखण्याने झोपमोड, वजन घटणे किंवा उंची खुंटणे, लघवीला जळजळ, सांधे सुजणे यांपैकी काहीही दिसले तर ‘सवयीचे दुखणे’ म्हणून थांबू नये. तहान आणि लघवी फार वाढून पोट दुखत असेल, तर रक्तातील साखर लगेच तपासावी, मुलांतील मधुमेह असाही प्रकट होतो. वयात येणारा मुलगा अचानक ओटीपोटात दुखते म्हणाला, तर संकोच बाजूला ठेवून अंडकोषात दुखते का ते विचारावे. तेथे पीळ पडला असल्यास उपचाराला जेमतेम सहा तास हाती असतात.

आता मतभेदाविषयी. आपल्याकडे एक विचित्र पद्धत आहे : नव्या डॉक्टरांकडे जाताना जुन्या चिठ्ठ्या मुद्दाम घरी ठेवायच्या, म्हणजे ‘हे स्वतः काय सांगतात ते पाहू’. कर्ज मागताना आधीच्या बँकेचा खातेउतारा दडवावा, तसे हे आहे. नव्या डॉक्टरांना पहिल्यापासून तपास करावा लागतो, मुलाला पुन्हा सुई टोचली जाते आणि आधीच्या औषधाने झाकलेले लक्षण त्यांना दिसत नाही. फाईल तारखेनुसार लावावी, वर एका कागदावर दुखण्याचे दिवस, वेळ, खाणे, शौच आणि दर महिन्याचे वजन लिहावे. डॉक्टरांना नम्रपणे दोन गोष्टी विचाराव्यात : आपणास असे कशावरून वाटते, आणि काय दिसल्यास आपण मत बदलाल? चांगले डॉक्टर या प्रश्नांनी रागावत नाहीत. दोन चिठ्ठ्यांवरील औषधे एकत्र करून देणे मात्र सर्वांत वाईट.

दुसरे मत घेणे हा रुग्णाचा हक्क आहे. राष्ट्रीय मानवाधिकार आयोगाने २०१८ साली तयार केलेल्या रुग्णहक्कांच्या सनदेत त्याचा स्पष्ट उल्लेख आहे. भारतीय वैद्यक परिषदेच्या २००२ च्या नियमांनुसार, मागणी केल्यावर ७२ तासांत रुग्णाची कागदपत्रे द्यावयाची असतात. भांडण्याची गरज पडत नाही, अर्ज लेखी द्यावा आणि पोच घ्यावी.

एक लहानशी बाब आपल्या घरांसाठी. कॅप्सूलचे आवरण बहुधा प्राणिज जिलेटिनचे असते, म्हणून काही घरांत ती न सांगताच बंद केली जाते आणि पुढच्या भेटीत ‘औषधाने गुण आला नाही’ असे सांगितले जाते. डॉक्टरांना आधीच सांगितले, तर तेच औषध पुष्कळदा गोळीत वा पातळ स्वरूपात मिळते. सूर्यास्तानंतर काही न घेण्याचा नेम घरात असेल, तर तोही सांगावा. दिवसातून दोन वेळा घ्यायचे औषध सकाळी सहा आणि सायंकाळी सहा असे अनेकदा बसवता येते.