घरातील विजेचे सॉकेट व शेतकऱ्याची दक्षता

दक्षिण सोलापूर तालुक्यात फताटेवाडीनजीक १३२० मेगावॅट शक्तीचे औष्णिक वीजकेंद्र २०१९ साली पूर्ण झाले. एवढ्या प्रचंड शक्तीचे भय सर्वांस वाटते. परंतु तीच शक्ती ज्या तळहाताएवढ्या सॉकेटातून आपल्या घरात व गोठ्यात उतरते, त्याकडे आपण क्वचितच पाहतो. म्हणून त्याविषयी चार शब्द लिहिणे आम्हांस अवश्य वाटते.

बिघडलेले सॉकेट आपली लक्षणे आधी दाखविते. प्लग ढिला बसणे, चरचर आवाज येणे, ठिणगी पडणे, जळका वास सुटणे, भोकांभोवती तपकिरी डाग पडणे, वापरानंतर प्लग हातास चटका देणे, ही ती लक्षणे होत. यंत्राच्या पत्र्यास हात लागताच झिणझिण्या आल्यास तर ते तत्काळ बंद करावे.

याचे कारण समजून घ्यावे. आतील पट्टी किंवा स्क्रू सैल झाला की त्या ठिकाणी विजेस अडथळा होतो व उष्णता वाढते. यात प्रवाह वाढत नसल्यामुळे एमसीबी खाली पडत नाही. सबब तो आहे म्हणून निर्धास्त राहू नये. दुसरे कारण अतिभार. पाणी तापविण्याची १५०० वॅटची कांडी २३० व्होल्टवर सुमारे साडेसहा अँपिअर घेते. ती ६ अँपिअरच्या सॉकेटात लावणे गैर होय. कडबाकुट्टीची मोटार तर सुरू होताना नेहमीच्या कित्येक पट प्रवाह ओढते. तिला १६ अँपिअरचे सॉकेट व स्वतंत्र तार असावी. प्लगावाचून तारा भोकात खुपसून आगकाडीने ठोकण्याची चाल तर सर्वथा त्याज्य होय. जवळच कडब्याचा भुसा असता एक ठिणगी वर्षाची वैरण जाळू शकते.

दोष दिसताच मुख्य खटका बंद करावा व परवानाधारक तारतंत्र्याकडून सॉकेट बदलून घ्यावे. चिकटपट्टीने काम भागवू नये. अर्थिंगची तार तिसऱ्या भोकापर्यंत खरोखर पोचते काय, हेही त्याच वेळी तपासवावे. आपली काळी जमीन उन्हाळ्यात भेगाळते व अर्थिंगचा खड्डा कोरडा पडून निरुपयोगी होतो. त्यात वरचेवर पाणी घालावे. शिवाय ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी बसवावा व त्याचे चाचणीचे बटण दरमहा दाबून पाहावे. ओल्या गोठ्यात माणसापेक्षा जनावरास विजेचा धक्का अधिक घातक ठरतो, म्हणून तेथे तो अवश्य असावा. मीटरपलीकडील दोषासाठी महावितरणास १९१२ या क्रमांकावर कळवावे.

कोणी विजेस चिकटल्यास त्यास हात न लावता प्रथम मुख्य खटका पाडावा. तो कोठे आहे, हे घरातील बायकामुलांसही आजच दाखवून ठेवावे.