भूक लागली की खाईलच, असं नसतं

भिलाईच्या जुनवानीतून बोलतोय.

फौजेत आमचा एक नियम होता, ताटात पडेल ते खायचं. निवृत्तीनंतर तोच नियम मी सात वर्षांच्या नातवाला लावला. त्याला ऑटिझम, म्हणजे स्वमग्नता आहे. कोरडा भात, भाजलेला पापड आणि एकाच प्रकारची बिस्किटं, एवढंच तो खायचा. मी सूनबाईंना म्हटलं, "दोन वेळा उपाशी राहू दे, तिसऱ्या वेळी वरण मागेल." त्यानं मागितलं नाही. दीड दिवस पाण्यावर काढला. चूक माझी होती.

ही जिद्द नव्हे. वरणाचा गुळगुळीतपणा, मधेच लागणारी गुठळी, फोडणीचा वास, हे सगळं अशा मुलांना फार तीव्र जाणवतं. शिवाय वरण रोज वेगळं लागतं, बिस्कीट मात्र रोज तेच. काहींना भुकेची जाणीवच नीट होत नाही. एडीएचडी असलेली मुलं जेवण विसरतात, आणि त्यावरच्या काही औषधांनी भूक मरते.

हे नवं नाही. 1943 साली लिओ कॅनर यांनी स्वमग्न मुलांवर पहिला प्रसिद्ध लेख लिहिला. त्यातल्या 11 मुलांपैकी अनेकांच्या खाण्याच्या तक्रारी नोंदल्या आहेत. 2013 साली अमेरिकी मनोविकारतज्ज्ञांच्या डीएसएम-5 या ग्रंथात 'आरफिड' हे निदान आलं. यात बारीक होण्याची हौस नसते. चव, वास, स्पर्श नकोसा वाटतो, घशात अडकेल अशी भीती असते, किंवा खाण्यात रसच नसतो. प्रत्येक स्वमग्न मुलाला आरफिड असतोच असं नाही.

वजन ठीक दिसलं म्हणून निर्धास्त राहू नका. फळं-भाज्या पूर्ण बंद असलेल्या मुलांना क जीवनसत्त्वाअभावी स्कर्व्ही झाल्याची उदाहरणं आहेत. हिरड्यांतून रक्त येतं, पाय दुखतात, मूल चालायचं थांबतं. असं दिसलं, वजन घटलं किंवा घास अडकू लागला तर लगेच बालरोगतज्ज्ञांकडे जा.

घरी काय करावं? चालणारा पदार्थ काढून घेऊ नका. त्यात चोरून काही मिसळू नका, विश्वास उडाला की तोही पदार्थ जातो. जेवणाची वेळ ठरलेली ठेवा. नवा पदार्थ वेगळ्या वाटीत, चिमूटभर. आधी बघणं, मग हात लावणं, मग वास. खाल्लं नाही तर रागावू नका.

आमच्याकडे पापडानंतर कुरकुरीत चिला चालू झाला. पाच महिने लागले. वरण अजून नाही. चालेल.

जय हिंद!