फोर्कलिफ्ट उलटताना उडी नको

चाकण असो की बुटीबोरी, कारखान्यातला जड माल हलतो तो फोर्कलिफ्टवर. आकाराने मोटारीएवढे हे यंत्र वजनाने तिच्यापेक्षा कितीतरी भारी असते. पुढे उचललेला माल तोलण्यासाठी मागे मोठे लोखंडी वजन बसवलेले असते.

अमेरिकेतील ‘नायॉश’ या संस्थेने १९८० ते १९९४ या काळातील फोर्कलिफ्टशी संबंधित १,०२१ कामगारांच्या मृत्यूंची नोंद केली. त्यांपैकी २२ टक्के मृत्यू गाडी उलटून, तर २० टक्के मृत्यू पायी असलेल्या कामगारांना धडक बसून झाले होते.

गाडी उलटते कशी? चाके चार असली, तरी बहुतेक फोर्कलिफ्टचा तोल तीनच बिंदूंवर असतो: पुढची दोन चाके आणि मागच्या आसाचा मध्य. गाडी व मालाचा एकत्रित गुरुत्वमध्य या त्रिकोणात असेपर्यंत धोका नसतो. माल उंच धरून वेगात वळले किंवा उतारावर गाडी आडवी घातली, की तोल जातो.

अशा वेळी चालक घाबरून उडी मारतो आणि डोक्यावरच्या संरक्षक सांगाड्याखालीच सापडतो. बसून चालवायच्या गाडीत पट्टा बांधलेला असावा. गाडी कलंडली, तर स्टिअरिंग घट्ट धरावे, पाय रोवावेत आणि पडण्याच्या विरुद्ध बाजूला झुकावे.

पायी चालणाऱ्याला धोका असतो तो गाडीच्या मागच्या भागाचा. फोर्कलिफ्ट मागच्या चाकांनी वळते, त्यामुळे मागचा भाग झटकन बाहेर फिरतो. म्हणून पिवळ्या पट्ट्यांच्या आतूनच चालावे. उचललेल्या मालाखालून तर कधीच जाऊ नये.

हात-पाय बराच वेळ दबून राहिला, तर बाहेरून जखम किरकोळ दिसली तरी आत स्नायू मरतात. दाब निघताच त्यांतले पोटॅशियम आणि मायोग्लोबिन रक्तात उतरते. पहिल्याने हृदयाचे ठोके बिघडतात, दुसऱ्याने मूत्रपिंडे. म्हणून ताबडतोब १०८ ला फोन करावा आणि कामगार किती वाजता अडकला, ते डॉक्टरांना नक्की सांगावे. ‘चालता येतंय ना, मग घरी जा,’ असे म्हणून त्याला पाठवू नये.