चिंचेने घासलेली शिवराई

अहिल्यानगर जिल्ह्यातल्या एखाद्या गावी जुना वाडा उतरवताना किंवा नांगरटीत हिरवं पडलेलं तांब्याचं नाणं हाती आलं, की पुढचा प्रकार ठरलेला. चिंच, मीठ आणि मोरीवरची घासणी. नाणं लखलखतं आणि संग्राहक कपाळाला हात लावतो. शतकभरात चढलेला तो हिरवट-काळसर थरच नाण्याचं चिलखत असतो. तो घासताना अक्षरांचे उंचवटेही झिजतात.

आणि अक्षरं आधीच अपुरी असतात. हाताने पाडलेल्या नाण्यांत ठसा मोठा आणि तांब्याची चकती लहान, त्यामुळे पूर्ण मजकूर क्वचितच उमटे. शिवराईच्या एका बाजूला तीन ओळींत ‘श्री राजा शिव’, दुसरीकडे ‘छत्रपति’ असतं. पण एका नाण्यावर ‘राजा’ अर्धा, तर दुसऱ्यावर ‘पति’ गायब. चार नाणी शेजारी ठेवावीत, तेव्हा ओळ जुळते. हाच मजकूर शिवाजी महाराजांनंतर, पेशवाईतही दीर्घकाळ पाडला जात होता. म्हणून सापडलेली प्रत्येक शिवराई शिवकाळातली असं मानणारे बरेचदा फसतात.

नगरचं स्वतःचं नाणं मात्र निजामशाहीचं. अहमद निजामशहाने १४९० मध्ये स्वतंत्र गादी स्थापली. पण या घराण्याची ओळखीची नाणी दिसू लागतात ती बरीच नंतर, मुर्तझा निजामशहाच्या (१५६५ ते १५८८) काळात. बहुतेक तांब्याची, जाड, टाकसाळीचं नाव सांगणारी. दिसायला अगदीच साधी, त्यामुळे सोन्याचांदीच्या मागे धावणारे त्यांच्याकडे ढुंकून बघत नाहीत. नगरच्या अभ्यासकाने मात्र सुरुवात इथूनच करावी.

परदेशी नाण्यांसाठीही फार लांब जायला नको. आजीच्या पुतळ्यांच्या माळेतली पुतळी मूळची व्हेनिसची. तिथली डुकाट ही सोन्याची मोहोर १२८४ पासून १७९७ पर्यंत जवळपास त्याच रूपात पाडली गेली: सुमारे साडेतीन ग्रॅम वजन, एका बाजूला संत मार्कपुढे गुडघे टेकलेला राज्यप्रमुख, दुसऱ्या बाजूला येशू. व्यापाराबरोबर ती दख्खनेत आली, आकृत्यांमुळे पुतळी झाली आणि सोनारांनी तिच्या नकला घडवल्या.

नाण्याचं मोल ते कुठे, कशासोबत सापडलं यावरही ठरतं. नेवाशाला १९५४ ते ५६ या काळात डॉ. ह. धी. सांकलिया यांच्या उत्खननात सातवाहनांची नाणी मिळाली. मातीच्या थरांचा काळ ठरवायला अशी नाणी उपयोगी पडतात. शेजारच्या नाशिक जिल्ह्यात जोगलटेंभीला १९०६ मध्ये चांदीच्या सुमारे १३ हजार नाण्यांचा साठा निघाला. नाणी क्षत्रप नहपानाची. पण त्यांतल्या नऊ हजारांहून अधिक नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीने आपला ठसा मारला होता. पराभूत राजाचा चेहरा नव्या चिन्हांखालून अजून डोकावतो. साठा पांगला असता, तर हे प्रमाण कधीच कळलं नसतं.

तरी गावात पहिला प्रश्न असतो, ‘किती येतील?’ जमिनीत सापडलेल्या, दहा रुपयांहून जास्त किमतीच्या ठेव्याची खबर जिल्हाधिकाऱ्यांना द्यावी लागते. तसा कायदा १८७८ पासून आहे. शंभर वर्षांहून जुनं नाणं परदेशी पाठवायलाही १९७२ च्या कायद्याने बंदी आहे. बाजारातून रीतसर घेतलेलं नाणं जपायचं असेल, तर कोरडं कागदी पाकीट पुरतं. त्यावर वजन, खरेदीची तारीख आणि विकणाऱ्याने सांगितलेलं गाव लिहून ठेवावं. चिंच आमटीसाठी राहू द्यावी.