बदललं की बिघडलं?

भौतिक बदल आणि रासायनिक बदल हा धडा आपण सगळ्याजणींनी शाळेत घोकला होता. परीक्षा झाली आणि धडा विसरलो! पण त्याचं खरं काम पडतं ते स्वयंपाकघरात आणि मोरीतच.

राळेगावसारख्या कापसाच्या गावातलं उदाहरण घ्या. हंगामात जिनिंगमध्ये सरकी वेगळी होते, रुईच्या गाठी बांधल्या जातात. पुढे सूत निघतं, कापड विणलं जातं. रूप किती पालटलं! पण पदार्थ तोच राहिला, सेल्युलोज. हा भौतिक बदल. त्याच रुईची वात दिव्यात जळून गेली, की उरते चिमूटभर राख. बाकीचं सारं वायू आणि वाफ होऊन हवेत जातं. हा रासायनिक बदल, कारण नवेच पदार्थ तयार झाले.

‘पहिल्यासारखं होतं ते भौतिक, होत नाही ते रासायनिक’ अशी सोपी खूण सांगतात. तिच्यावर सगळा भरवसा मात्र नको. पिठाचे पुन्हा गहू होत नाहीत, तरी दळणं हा भौतिकच बदल. उलट, हळदीच्या डागाला साबण लागला की तो लाल होतो आणि लिंबू पिळलं की पुन्हा पिवळा. तरीही तो बदल रासायनिक. म्हणून स्वतःला एकच प्रश्न विचारा: पदार्थ तोच आहे, की नवा झाला?

थंडीत खोबरेल तेल थिजलं, मधात साखरेसारखे कण धरले, तर घाबरू नका. खोबरेल साधारण २४ अंशांखाली थिजतंच. बाटली कोमट पाण्यात ठेवा, काम झालं. पण तेलाला खवट वास आला, तर हवेतल्या ऑक्सिजनने ते बदललेलं असतं. कितीही कढवा, ते पूर्ववत होणार नाही. काटकसर म्हणून ते फोडणीत ढकलू नका.

तांब्या-पितळेच्या भांड्यात ताक किंवा चिंचेचं सार ठेवलं की ते कळकतं, हे आपल्या आज्या जाणून होत्या. आंबटाने धातूचे क्षार तयार होऊन अन्नात उतरतात, आणि उलट्या, पोटदुखी मागे लागते. कल्हईचं कथील हा थर मध्ये असतो तो यासाठीच. कथील २३२ अंशांना वितळतं आणि भांड्याला आतून लेप बसतो. कल्हई उडालेली दिसली, की त्या भांड्यात आंबट ठेवणं बंद करा.

आता सर्वांत महत्त्वाचं. न्हाणीघर लख्ख व्हावं म्हणून काहीजणी ब्लीचिंग पावडरवर ॲसिड ओततात. दोन्ही साफ करणारी, मग एकत्र दुप्पट काम करतील, असं वाटतं ना? तसं मुळीच होत नाही! त्यातून क्लोरीन हा विषारी वायू निघतो. तो डोळे आणि फुप्फुसं जाळतो. बंद खोलीत जिवावरही बेतू शकतं. चुकून असं झालंच, तर साफ करत बसू नका. लगेच बाहेर मोकळ्या हवेत या, मुलांना दूर न्या. खोकला किंवा धाप थांबत नसेल, तर डॉक्टरांकडे जा.

या दोन वस्तू एका फळीवरही ठेवू नका. आणि ही गोष्ट घरी कामाला येणाऱ्या बाईलाही नक्की समजावून सांगा. बाटलीवरचं लिहिलेलं तिला वाचता येतंच, असं धरून चालू नका.