गाडी कोणाची, आरसी कोणाची आणि विमा कोणाच्या नावे?



हंगामाच्या तोंडावर ऊस वाहतुकीचे करार होतात, तेव्हा वाहनांची कागदपत्रे जमा केली जातात. ती चाळताना एक गोष्ट हमखास दिसते. ट्रॅक्टर चालवतो धाकटा, आरसी थोरल्याच्या नावावर, कर्ज वडिलांच्या नावावर आणि विमा शोरूमवाल्याने ज्या नावाने उतरवला त्या नावाने. घरात चूल एक असल्यामुळे कोणाला त्याचे काही वाटत नाही. "नाव कोणाचंही असू द्या, हप्ता तर भरलाय ना?" असे उत्तर मिळते. हप्ता भरला हे खरे. पण अपघात झाल्यावर विमा कंपनीचा माणूस हप्त्याच्या पावतीच्या आधी नाव पाहतो.

त्यात आता लीजच्या गाड्यांची भर पडली आहे. पुण्या-नाशिकला नोकरी करणारी आपली मुले हल्ली गाडी विकत न घेता तीन-चार वर्षांच्या भाडेकराराने घेतात, दरमहा भाडे भरतात आणि सणावाराला तीच गाडी घेऊन बेलापुरास येतात. गाडी वाड्यापुढे लागली की भाऊ चालवतो, मेहुणा चालवतो, श्रीरामपुरास औषध आणायला शेजारीही घेऊन जातो. ही गाडी कोणाची, असे विचारले तर एकाच घरात तीन उत्तरे येतात. म्हणून या अंकात या विषयाची थोडी फोड करीत आहोत.

प्रथम कायदा काय म्हणतो ते पाहू. सध्याचा मोटार वाहन कायदा १९८८ चा असून तो १ जुलै १९८९ पासून लागू आहे. त्याच्या कलम २ मध्ये 'मालक' या शब्दाची व्याख्या दिलेली आहे. ज्याच्या नावाने वाहनाची नोंदणी झाली आहे तो मालक, हा सर्वसाधारण नियम. मात्र वाहन भाडेखरेदी कराराने, लीजने किंवा तारणकर्जाने घेतलेले असेल, तर त्या करारान्वये वाहन ज्याच्या ताब्यात आहे तोच मालक समजावा, असे त्याच व्याख्येत पुढे म्हटले आहे. म्हणजे ट्रॅक्टरवर बँकेचा बोजा आहे म्हणून बँक मालक होत नाही. अपघाताची भरपाई कर्ज देणाऱ्या कंपनीकडे मागता येत नाही, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने २००८ साली दिलेला आहे. लीजचेही तसेच. दरमहा भाडे भरून जो गाडी बाळगतो, त्याच्यावरच अपघाताची जबाबदारी येते. "गाडी माझी नाही, कंपनीची आहे" हे बोलणे न्यायाधिकरणापुढे सहसा टिकत नाही.

नाव एकाचे आणि ताबा दुसऱ्याचा झाला की काय होते, हे आपल्या भागाला नव्याने शिकवावे लागत नाही. बेलापूर कंपनीला खंडाने दिलेल्या जमिनी १९६१ च्या कमाल जमीन धारणा कायद्यानंतर शेती महामंडळाकडे गेल्या आणि त्या परत मिळवण्यात खंडकऱ्यांच्या पिढ्या खपल्या. गाडीचे प्रकरण तेवढे मोठे नाही. पण तेही शेवटी जमिनीपर्यंत पोचू शकते, ते कसे ते पुढे येईलच.

विम्याचे दोन भाग असतात आणि हा फरक समजल्याशिवाय पुढचे काहीच उमगणार नाही. एक भाग त्रयस्थाचा, ज्याला आपण 'थर्ड पार्टी' म्हणतो. आपल्या गाडीमुळे दुसऱ्याचा जीव गेला, कोणी जायबंदी झाले, कोणाची मोटारसायकल मोडली, तर त्याची भरपाई या भागातून होते. हा विमा सक्तीचा आहे. तो नसताना गाडी रस्त्यावर आणली तर पहिल्या वेळी २,००० रुपये दंड किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही, आणि पुन्हा सापडल्यास दंड ४,००० रुपये. दुसरा भाग आपल्या स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा. दोन्ही भाग एकत्र घेतले की गावात त्याला 'फुल इन्शुरन्स' म्हणतात.

नावाच्या चुकीचा फटका या दोन भागांना वेगवेगळ्या तऱ्हेने बसतो. वाहन विकले गेले तर त्रयस्थाचा विमा कलम १५७ प्रमाणे नव्या मालकाकडे आपोआप गेला असे समजतात, कारण रस्त्यावर मेलेल्या माणसाच्या बायकापोरांचा त्यात काय दोष? स्वतःच्या नुकसानीचे मात्र तसे नाही. त्या भागात विमा कंपनी आणि पॉलिसीवरचे नाव यांच्यातला तो करार असतो. गाडीची आरसी नव्या मालकाच्या नावे झाली, पण पॉलिसी जुन्याच नावाने राहिली आणि मग अपघात झाला, अशा एका प्रकरणात १९९६ साली सर्वोच्च न्यायालयाने नव्या मालकाला गाडीच्या दुरुस्तीचा पैसा नाकारला. कलम १५७ त्रयस्थापुरते आहे, असे स्पष्ट सांगितले. नव्या मालकाने १४ दिवसांच्या आत विमा कंपनीला कळवून पॉलिसीवर आपले नाव लावून घ्यायचे असते. हे चौदा दिवस अगदी सहज निघून जातात. एक पाळी पाण्याची, एक बाजार आणि एक सोयऱ्याकडचे लग्न.

आता विकणाऱ्याकडे वळू. स्टॅम्पपेपरवर लिहून दिले, दोन साक्षीदारांच्या सह्या झाल्या, पैसे मिळाले, म्हणजे गाडी गेली असे आपण समजतो. कायद्याच्या लेखी ती गेलेली नसते. राज्यातल्या राज्यात विक्री झाल्यास विकणाऱ्याने १४ दिवसांत नोंदणी कार्यालयाला कळवायचे आणि घेणाऱ्याने ३० दिवसांत. नमुना २९ आणि नमुना ३० हे त्याचे अर्ज. आपल्याकडच्या एमएच १७ क्रमांकाच्या गाड्यांचे काम श्रीरामपूरच्या परिवहन कार्यालयात होते.

हे न केल्यास काय होते, त्याची उदाहरणे पाहा. एका माणसाने २००७ साली मोटार विकली. ती पुढे आणखी काही हातांतून फिरली आणि मे २००९ मध्ये तिच्याखाली सापडून एक जण दगावला. आरसीवर नाव पहिल्याचेच होते. फेब्रुवारी २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की नोंदणी ज्याच्या नावे, तोच मालक आणि भरपाईही त्यानेच द्यायची. जखमीने किंवा मृताच्या वारसांनी गाडी कोणी कोणाला विकली याचा माग काढत फिरायचे काय? बारकाईने पाहिले तर न्यायालयाचे म्हणणे रास्तच वाटते, पण अकरा वर्षांपूर्वी गाडी विकून मोकळ्या झालेल्या माणसाच्या घरी त्या दिवशी काय झाले असेल याची कल्पना करावी.

दुसरे उदाहरण एका ट्रकचे. तो १९९३ साली विकला गेला, अपघात १९९४ साली. आरसीवर नाव जुन्या मालकाचे आणि विमाही त्याच्याच नावाने चालू ठेवलेला. २०११ च्या निकालात जुना मालकच जबाबदार ठरला, पण आरसी आणि पॉलिसी एका नावाने असल्यामुळे विमा कंपनीला पैसे भरावे लागले आणि तो वाचला. तिसऱ्या एका ट्रकचा दावा तर २०११ च्या अपघाताचा होता. 'तुम्ही २००८ मध्येच ट्रक विकला होता' म्हणून विमा कंपनीने पैसे नाकारले. नोंदणी आणि विमा विकणाऱ्याच्याच नावे असल्याने शेवटी निकाल त्याच्या बाजूने लागला, पण ते साल होते २०२०. ट्रकच्या पैशासाठी नऊ वर्षे!

भरपाईची रक्कम वेळेवर भरली नाही तर कलम १७४ प्रमाणे न्यायाधिकरण जिल्हाधिकाऱ्यांकडे दाखला पाठवू शकते आणि ती रक्कम जमीन महसुलाच्या थकबाकीप्रमाणे वसूल होते. म्हणजे ज्याच्याकडे विमा नाही किंवा ज्याचा विमा नावाच्या घोळात अडकला, त्याचे प्रकरण फिरून सातबाऱ्यापाशी येते. सुपीक जमीन अशा कारणाने जप्तीत येऊ नये, म्हणूनच हा सारा खटाटोप.

आता लीजच्या गाडीबद्दल, कारण चुका तेथे जास्त होतात. लीजच्या गाडीत दोन तऱ्हा आढळतात. कधी आरसीवर मालक म्हणून गाडी घेणाऱ्याचे नाव असते आणि त्याखाली लीज देणाऱ्या कंपनीची नोंद असते. कधी आरसीच कंपनीच्या नावाने असते आणि आपल्या मुलाचे नाव केवळ करारपत्रात. विम्याचा प्रस्ताव अर्ज भरताना यांपैकी कोणती तऱ्हा आहे ते आरसी समोर ठेवून लिहावे. 'मालकाचे नाव' या रकान्यात सवयीने आपले नाव लिहू नये आणि एजंटलाही लिहू देऊ नये. गाडी लीजची आहे हे सांगितले की विमा कंपनी पॉलिसीला एक पुरवणी कलम जोडते. विम्याच्या कागदात ते 'आयएमटी ६' या क्रमांकाने छापलेले असते. भाडेखरेदीसाठी ५ आणि बँकेच्या तारणासाठी ७ असे क्रमांक आहेत. हे कलम असले म्हणजे गाडी चोरीला गेल्यास किंवा पूर्ण निकामी झाल्यास पैसे गाडीच्या मूळ धन्याला मिळतात, आणि मालक-चालकाचा जो व्यक्तिगत अपघात विमा असतो, त्यासाठी पॉलिसीत नाव असलेल्या माणसालाच मालक समजले जाते. कलम नसेल तर दोन्ही बाबतींत वाद ओढवतो. आपल्या मुलाने लीजची गाडी घेतली असेल तर पुढच्या भेटीत पॉलिसीची प्रत मागून हा क्रमांक पाहा. शिक्षण कितीही झाले असले तरी पॉलिसी वाचणारी माणसे थोडी!

विलायतेत मुलगा असलेल्या काही सभासदांना तेथील पद्धत वेगळी दिसेल. इंग्लंडात गाडीच्या नोंदपुस्तकावर मालकाचे नाव नसतेच. गाडी सांभाळण्याची आणि दंड-नोटिसांची जबाबदारी ज्याची, त्याचे नाव असते आणि हे मालकीचा पुरावा नव्हे असे त्यावर छापलेले असते. म्हणून तेथे विमा घेताना मालक कोण आणि नोंदीतला सांभाळणारा कोण, असे दोन प्रश्न वेगळे विचारतात. लीजच्या गाडीला दोन्हीचे उत्तर बहुधा लीज कंपनी हेच असते. आपल्या नोंदपत्रात असा निराळा रकाना नाही, त्यामुळे येथे सगळा भार एका 'मालक' शब्दावर पडतो.

वर मालक-चालकाच्या अपघात विम्याचा उल्लेख आला. तो १५ लाख रुपयांचा आहे, पण मिळतो केवळ आरसीवरच्या मालकाला आणि त्याच्याजवळ चालू परवाना असेल तर. बापाच्या नावाच्या ट्रॅक्टरवर मुलगा दगावला तर या रकमेवर हक्क सांगता येत नाही. चालकासाठी निराळा हप्ता भरून संरक्षण घेता येते आणि तो हप्ता फार नसतो. ज्यांच्याकडे नोकर ट्रॅक्टर हाकतो त्यांनी तर ते घ्यावेच.

ऊस वाहणाऱ्यांनी आणखी एक पाहावे. पॉलिसीत 'वापराची मर्यादा' नावाचा मजकूर असतो. त्यात केवळ शेतीकामासाठी असे लिहिलेले असेल आणि आपण भाडे घेऊन दुसऱ्याचा ऊस ओढत असू, तर ती माहिती लपवल्यासारखी होते. विमा घेतानाच खरे सांगावे, हप्ता थोडा वाढेल. ट्रॉलीचा क्रमांकही निराळा असतो. तो पॉलिसीत आहे का ते पाहावे, दोन ट्रॉल्या जोडत असाल तर दोन्हींचे. ट्रॉलीवर बसलेल्या मजुरांचा प्रश्न मोठा आहे, त्यावर एखाद्या पुढील अंकात स्वतंत्र लिहू.

खोटे किंवा अर्धवट सांगून पॉलिसी घेतली तरी त्रयस्थाला भरपाई बहुधा मिळते. न्यायाधिकरण कंपनीला आधी पैसे द्यायला लावते आणि ते पुढे मालकाकडून वसूल करण्याची मुभा देते. म्हणजे ज्याला वाटले की आपण सुटलो, त्याच्या दारात वर्षा-दोन वर्षांनी विमा कंपनीची नोटीस येते.

सगळ्यात जास्त दुर्लक्ष होते ते घरातला कर्ता माणूस गेल्यावर. दहावे-तेराव्याच्या गडबडीत आरसीची आठवण कोणाला? तरी मृत्यूनंतर ३० दिवसांत परिवहन कार्यालयाला कळवायचे असते आणि तीन महिन्यांत वारसाच्या नावे नमुना ३१ चा अर्ज द्यायचा असतो. पॉलिसीही मृत्यूच्या तारखेपासून तीन महिने किंवा तिची स्वतःची मुदत, यांत जे आधी संपेल तोवरच चालते. बापाच्या माघारी दोन-दोन हंगाम त्याच्याच नावाच्या ट्रॅक्टरवर ऊस येत राहतो असे प्रकार होतात. आता नोंदणीपत्रावर वारस म्हणून नाव लावून ठेवण्याची सोय झाली आहे. ती जिवंतपणीच करावी.

दावा नाकारला गेल्यास आधी कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याकडे लेखी अर्ज द्यावा आणि पोच जपून ठेवावी. महिनाभरात उत्तर आले नाही किंवा समाधान झाले नाही तर पुण्यास विमा लोकपालांचे कार्यालय आहे. तेथे फी लागत नाही आणि वकीलही लागत नाही. अर्जासोबत आरसी, पॉलिसी, लीज असल्यास त्याचे करारपत्र, चालकाचा परवाना आणि कंपनीचे नकाराचे पत्र यांच्या प्रती जोडाव्यात.