काळी मोहरी, भक्कम बचाव

गोराईच्या जेट्टीवर बोटीची वाट पाहत दोन पोरं बुद्धिबळाचा पट मांडून बसली होती. काळी मोहरी वाट्याला आली म्हणून एकाचं तोंड पडलं होतं. पहिली चाल पांढऱ्याची, म्हणजे थोडी आघाडी त्याचीच. पण काळ्याकडे जुनी, पारखलेली उत्तरं आहेत.

पांढऱ्याने वजिरापुढचं प्यादं दोन घरं सरकवलं की काळाही आपलं तसंच सरकवतो. मग पांढरा वजिराच्या उंटापुढचं प्यादं पुढे करून आमिष दाखवतो. काळा ते घेत नाही, राजापुढचं प्यादं एक घर सरकवून मधल्या प्याद्याला टेकू देतो. हा अभिजात बचाव. त्याची किंमत मोजावी लागते: पांढऱ्या घरांवरचा उंट स्वतःच्याच प्याद्यामागे कोंडतो. १९२७च्या कापाब्लांका-अलेखाइन जगज्जेतेपदाच्या लढतीत ३४पैकी ३२ डावांत हीच मांडणी होती.

काळ्याने खेळून जग जिंकता येतं, हे नागपूरच्या दिव्या देशमुखने २८ जुलै २०२५ला बाटुमीत दाखवलं. महिला विश्वचषकाच्या अंतिम फेरीत कोनेरू हम्पीविरुद्ध पहिले तिन्ही डाव बरोबरीत सुटले होते. चौथा, जलद डाव दिव्याने काळ्या मोहऱ्यांनी जिंकला. वय १९. त्याच विजयाने ती ग्रँडमास्टरही झाली. मला तो डाव फार प्रिय आहे.